सांखवाळ ते हार्वर्ड : चार खेपांचा एक प्रवासी



शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात जुने विद्यार्थी दूरदूरहून भेटीस येतात. कोणी नोएडा, गुरुग्राम, फरीदाबादहून येतो, तर कोणी अमेरिकेहून सुट्टीत आलेला असतो. जुने बाक पाहून होतात, शिक्षकांच्या आठवणी निघतात आणि बोलणे हटकून एका प्रश्नापाशी येते : मुलांना मराठी येते का? याच आवारात प्रवेशाच्या दिवसांत पालक दुसरा एक प्रश्न हलक्या आवाजात विचारतात : मराठी शाळेत घातल्याने मुलाचे जग लहान तर होणार नाही ना? हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना भाषेविषयी प्रेम नाही, असे मुळीच नाही. ज्या महानगरात रस्त्यावर हिंदी आणि कचेरीत इंग्रजी चालते, तेथे मुलाच्या भवितव्याची काळजी वाटणे स्वाभाविकच आहे.

या दोन्ही प्रश्नांना तत्त्वचर्चेने उत्तर देता येईल. परंतु तत्त्वापेक्षा माणसाची हकिकत अधिक काळ लक्षात राहते. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय एका प्रवाशाचा आहे. गोव्यातील एका खेड्यात मराठी शाळेत अक्षरे गिरवलेला हा माणूस बावीस वर्षांच्या काळात चार वेळा अमेरिकेला गेला आणि तेथील एका अग्रगण्य विद्यापीठात त्याने एकूण आठ-नऊ वर्षे काम केले. त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

कोसंबींच्या आधीही मराठी माणसे अमेरिकेला गेली होती, आणि त्यांत अग्रभागी दोन स्त्रिया होत्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तेथे गेल्या. थोड्याच काळासाठी आलेल्या रमाबाई अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या, गावोगाव हिंडल्या, व्याख्याने देत राहिल्या. या प्रवासातून त्यांची दोन पुस्तके झाली. १८८७ साली ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले. भारतातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची, विशेषतः बालविधवेची, स्थिती अमेरिकनांना कळावी हा त्याचा हेतू होता. स्वदेशी परतल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. येथे हेतू उलट दिशेचा होता. तो देश कसा चालतो, तेथे राज्यव्यवस्था कशी आहे, शिक्षण कसे आहे, स्त्रिया संस्था कशा उभारतात, हे महाराष्ट्राला समजावे यासाठी तो ग्रंथ होता. गौरवर्णीयांनी कृष्णवर्णीयांवर आणि तेथील मूळ रहिवाशांवर केलेल्या अन्यायाविषयीही रमाबाईंनी त्यात स्पष्टपणे लिहिले.

दोन वाचकवर्गांसाठी दोन भाषांत लिहिण्याचा हा विवेक लक्षात ठेवण्याजोगा आहे. परक्यांना आपली गोष्ट सांगायची ती त्यांच्या भाषेत, आणि परक्या देशातून काय शिकलो हे घरच्यांना सांगायचे ते घरच्या भाषेत. आजच्या विषयाचा नायकही याच वाटेने चालला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. घरची शेती आणि नारळीची बाग होती. प्रकृती बरी नसे. त्यातच घरच्या कामात हातभार लावण्याची गरज, त्यामुळे शिक्षण मराठी शाळेतील आरंभीच्या इयत्तांपलीकडे फारसे गेले नाही. वाचनाची भूक मात्र मोठी होती. मिळेल ते मराठी पुस्तक, मिळेल ते मासिक ते वाचीत. अशा वाचनात मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांना भगवान बुद्धाचे चरित्र सापडले. लहान मुलांना कळावे एवढेच ज्याचे प्रयोजन होते, त्या लेखाने या तरुणाच्या मनात बुद्धाविषयी अशी ओढ उत्पन्न केली की त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. बुद्धाचा उपदेश मुळातून वाचायचा, आणि तो आपल्या लोकांना मराठीत सांगायचा, हे त्याने मनाशी ठरविले.

मुळातून वाचायचे तर संस्कृत हवे, पाली हवी. ती गावात मिळणार कोठून? १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक होती. हा त्याग गौरवाने सांगितला जातो. परंतु त्याची किंमत घरात राहिलेल्या स्त्रीने मोजली, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी १९०२ मध्ये श्रामणेराची दीक्षा घेऊन त्यांनी पालीचा अभ्यास केला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. या काळात सिंहली आणि ब्रह्मदेशी लिपींतील ग्रंथ त्यांना सहज वाचता येऊ लागले. बौद्ध विद्येचे हे धन घेऊन ते १९०६ मध्ये परतले, तेव्हा घर सोडून सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले, विद्यापीठात मानही मिळाला. परंतु ज्या हेतूने घर सोडले तो अपुरा होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, अशी अपेक्षा होती. कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले. बडोद्यात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठी वाचकाला पाली ग्रंथांच्या आधारे, सोप्या भाषेत, बुद्धाचा परिचय घडविणारे हे पुस्तक पुढे पिढ्यानपिढ्या वाचले गेले.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. पतंजलीच्या योगशास्त्राचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्यांची आणि कोसंबींची ओळख झाली, आणि तिच्यातून अमेरिकेचे निमंत्रण आले. हे निमंत्रण कशासाठी होते, ते थोडे विस्ताराने समजून घेणे अगत्याचे आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्याने सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग सांगणारा तेवीस परिच्छेदांचा हा ग्रंथ थेरवादी बौद्ध परंपरेत अत्यंत आदरणीय मानला जातो. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. बालपणी पडून पाठीच्या कण्यास इजा झाल्याने वॉरन आयुष्यभर पीडित होते. तशा अवस्थेत ते या ग्रंथावर वर्षानुवर्षे परिश्रम करीत राहिले. १८९९ च्या आरंभी त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. वॉरन यांचे गुरू आणि सहकारी प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांना ते पुरे करावयाचे होते. त्यासाठी ब्रह्मदेशी आणि सिंहली हस्तलिखिते ताडून पाहणारा, पाली परंपरा आचार्यांच्या मुखातून शिकलेला अभ्यासक हवा होता. तो त्यांना सांखवाळच्या या पदवीहीन माणसात दिसला.

येथे पालकांनी क्षणभर थांबून विचार करावा. हार्वर्डने कोसंबींना बोलाविले, ते त्यांना चांगले इंग्रजी येत होते म्हणून नव्हे. इंग्रजी त्यांनी मोठेपणी, स्वतःच्या खटपटीने, गरजेपुरते साधले होते. हार्वर्डपाशी ग्रंथालय होते, पैसा होता, विद्वान होते. जे नव्हते ते कोसंबींपाशी होते. दूर देशी जाणारा माणूस तेथून काय आणील, याचा हिशेब आपण नेहमी करतो. तो तेथे काय घेऊन जाणार, हा हिशेबही तितकाच महत्त्वाचा आहे.

पहिली खेप १९१० ते १९१२ अशी झाली. बॉस्टनशेजारच्या केंब्रिज या गावी, हार्वर्डच्या परिसरात राहून कोसंबींनी पाठभेदांची चिकित्सा केली. उरलेल्या वेळी त्यांनी समाजशास्त्र आणि समाजवाद यांवरील पुस्तके वाचली. त्या देशातील संपत्ती त्यांनी पाहिली, तशी कामगारांची चळवळही पाहिली. बुद्धाने सांगितलेली समता आणि या नव्या विचारातील समता यांचा संबंध त्यांच्या मनात तेव्हापासून जुळू लागला. परंतु संपादनाचे काम पुरे होत आले, तेव्हा एक कठीण प्रसंग उद्भवला. ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर कोणाचे नाव कोणत्या नात्याने यावे, याविषयी लॅनमन आणि कोसंबी यांचे एकमत होईना. कोसंबींनी आपल्या श्रमाचे योग्य श्रेय मागितले. ते मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा काम तसेच सोडून १९१२ च्या आरंभी ते स्वदेशी परतले.

परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या माणसाने एवढा ताठपणा दाखवावा का, असे त्या वेळी कोणास वाटले असेल. परंतु यात नावाची हाव नव्हती. काशीच्या अन्नछत्रात जेवलेला आणि ५० रुपयांवर संतुष्ट असलेला हा माणूस होता. त्याचे म्हणणे इतकेच, की ज्याने काम केले त्याने ते केले असे लिहिले जावे. विद्येच्या क्षेत्रात हाच सचोटीचा पहिला पाठ होय. भांडणाचा कडवटपणा मात्र त्यांनी मनात धरला नाही. वुड्स यांच्याशी स्नेह टिकला, आणि त्या स्नेहामुळेच पुढच्या खेपा घडल्या.

मधली सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेली. पाली शिकविणारे प्राध्यापक म्हणून त्यांनी तेथे विद्यार्थ्यांची एक पिढी तयार केली. त्यांतील एक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. त्यांचा दिल्लीशी संबंध आहे, म्हणून त्यांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. बापटांनीही पुढे हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट मिळविली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणास अडीच हजार वर्षे झाल्यानिमित्त १९५६ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने बौद्ध धर्माच्या इतिहासावर जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्याचे संपादक तेच होते. दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा तेथे प्राध्यापक म्हणून त्यांचीच नियुक्ती झाली. सांखवाळच्या तरुणाने वाचलेल्या मराठी बालमासिकाचा धागा असा दिल्ली विद्यापीठापर्यंत येऊन पोहोचतो.

दुसरी खेप १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२२ पर्यंत चालली. या वेळी कोसंबी एकटे गेले नाहीत. घर सोडताना जिला तान्ही मागे ठेवली होती ती माणिक आता मोठी झाली होती. तिला आणि अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. दामोदरला केंब्रिजच्या शाळेत घातले. मुलाला अमेरिकेत शिकविणारा हा बाप स्वतः परत आल्यावर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षणाच्या कामात सामील झाला, आणि १९२४ साली त्याने आपले आत्मचरित्र ‘निवेदन’ मराठीत प्रसिद्ध केले. काशीतील उपासमार, सिंहलद्वीपातील विहार, बॉस्टनकडील दिवस हे सारे त्यात एकाच संथ, निगर्वी स्वरात सांगितलेले आहे. अमेरिका पाहून आलेला माणूस बदललेल्या आवाजात बोलू लागतो, असा अनुभव विरळा नाही. ‘निवेदना’तील आवाज मात्र शेवटपर्यंत सांखवाळच्या माणसाचाच राहिला आहे. स्वतःचा आळस, निराशा, इतरांचे उपकार यांविषयी लेखक काहीही झाकून ठेवीत नाही. आजच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. त्याची मराठी जुनी आहे, पण अवघड नाही.

तिसरी खेप १९२६-२७ ची. तोपर्यंत लॅनमन सेवानिवृत्त होत होते. कोसंबींनी ‘विसुद्धिमग्गा’चे सोडलेले काम पुन्हा हाती घेतले आणि पुरे केले. दामोदरही या वेळी पुन्हा अमेरिकेस गेला आणि १९२९ साली हार्वर्डमधून अत्युच्च श्रेणीत पदवीधर झाला. वडील त्याच वर्षी दुसऱ्या एका विशाल आणि दूरच्या देशात होते. रशियन पंडित श्चेर्बात्स्की यांच्या निमंत्रणावरून ते लेनिनग्राडला गेले होते. अमेरिकेत पुस्तकांतून वाचलेला समाजवाद प्रत्यक्षात कसा चालतो, हे त्यांना पाहता आले.

१९३० मध्ये परतल्यावर हा त्रेपन्न वर्षांचा पंडित मिठाच्या सत्याग्रहात उतरला. शिरोड्याच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला, तुरुंगवास भोगला. आणि त्यानंतर, १९३१-३२ मध्ये, चौथ्यांदा अमेरिका. कोणत्याही दूर देशाचे दर्शन एका भेटीत पुरे होत नाही. प्रथम गेलेला प्रवासी त्या देशाकडे पाहतो; पुनःपुन्हा जाणारा त्या देशाच्या कडेने स्वतःकडेही पाहू लागतो. कोसंबींच्या चार खेपा ओळीने मांडल्या तर हे स्पष्ट दिसते. पहिल्या वेळी ते विद्वान सहायक म्हणून गेले, दुसऱ्या वेळी पिता म्हणून, तिसऱ्या वेळी अपुरे काम तडीस नेणारा कारागीर म्हणून, आणि चौथ्या वेळी स्वदेशाच्या लढ्यात तुरुंग पाहून आलेला नागरिक म्हणून. देश तोच होता. जाणारा माणूस दर वेळी निराळा होता.

आता त्या ग्रंथाचे काय झाले, ते सांगितले पाहिजे. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने कोसंबींची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती देवनागरी लिपीत प्रसिद्ध केली. ज्या ग्रंथाची हस्तलिखिते वाचायला ब्रह्मदेशी आणि सिंहली लिपी शिकाव्या लागत, तो आता काशीच्या, पुण्याच्या आणि दिल्लीच्या विद्यार्थ्याला आपल्या अक्षरांत वाचता येऊ लागला. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती निघण्यास १९५० साल उजाडले. पहिल्या खेपेपासून चाळीस वर्षे झाली होती. तिच्या शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे. ते पाहायला कोसंबी या जगात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचे निधन झाले होते. महात्मा गांधी त्या दिवसांत दिल्लीत, वाल्मीकी वस्तीत राहत होते. फाळणीच्या निर्णयाने देश हादरला असताना, दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी या अबोल विद्वानाचे आदराने स्मरण केले.

हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ४१ वा ग्रंथ आहे. त्याच्या शेजारचा ४२ वा ग्रंथ, संस्कृत सुभाषितांचा ‘सुभाषितरत्नकोश’, १९५७ साली निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक आहेत दामोदर धर्मानंद कोसंबी, म्हणजे केंब्रिजच्या शाळेत घातलेला तोच मुलगा, दुसरे वा. वि. गोखले. पिता आणि पुत्र त्या ग्रंथमालेत लागून उभे आहेत. दामोदर कोसंबी गणिती म्हणून आणि भारतीय इतिहासाचे मूलगामी अभ्यासक म्हणून जगभर ओळखले गेले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला नवी दृष्टी दिली.

येथे मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. वडिलांचे मुख्य ग्रंथ मराठीत आहेत. मुलाचे मुख्य ग्रंथ इंग्रजीत आहेत. यात दोष कोणाचाही नाही. ज्या शास्त्रांत दामोदरांनी काम केले त्यांची जागतिक भाषा इंग्रजी होती, आणि त्यांचे शिक्षणही तेथेच झाले होते. परंतु एका पिढीत लेखणीची भाषा बदलली, ही वस्तुस्थिती आहे. दिल्लीतील, गुरुग्राममधील, न्यू जर्सीतील किती मराठी घरांत हेच घडले आहे, हे या सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे. आजोबांची पत्रे कपाटात आहेत. वडिलांना ती वाचता येतात. मुलांना येत नाहीत. अशा घरात काय हरवते, ते एका दिवसात कळून येत नाही. कपाट रिकामे करण्याची वेळ येते, तेव्हा कळते.

कोसंबींच्या घरात ते हरवले नाही, आणि याचे श्रेय तिसऱ्या पिढीस आहे. दामोदरांच्या कन्या डॉ. मीरा कोसंबी या समाजशास्त्रज्ञ होत्या. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील स्त्री-अभ्यास केंद्राच्या त्या संचालक होत्या. पित्याप्रमाणे त्यांचेही बरेचसे लेखन इंग्रजीत झाले. परंतु आजोबांची मराठी त्यांना वाचता येत होती. त्यांनी धर्मानंदांच्या ‘निवेदना’चे आणि निवडक लेखनाचे इंग्रजीत भाषांतर केले. ज्या विद्यापीठात आजोबांनी आपल्या श्रमाचे श्रेय मागितले होते, तेथील विद्यार्थ्यालाही आता त्या माणसाची हकिकत त्याच्याच शब्दांच्या आधारे कळू शकते. पंडिता रमाबाईंचा १८८९ चा अमेरिकेवरील मराठी ग्रंथ इंग्रजीत नेण्याचे कामही मीरा कोसंबी यांनीच केले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने आपल्याविषयी काय लिहिले होते, हे अमेरिकन वाचकाला त्यांच्यामुळे समजले.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेपुढे ठेवावयाचा विचार तो हाच. मराठी शाळा प्रत्येक मुलाला हार्वर्डला पोहोचवील, असे कोणीही म्हणू नये. धर्मानंदांसारखी माणसे शाळा घडवीत नसतात, ती स्वतःच्या तपाने घडतात. तसेच इंग्रजी टाळा, असाही या हकिकतीचा अर्थ नाही. धर्मानंदांनी गरज पडली ती प्रत्येक भाषा शिकून घेतली. संस्कृत, पाली, सिंहली, इंग्रजी, कशालाही ते परके मानीत नव्हते. परंतु ज्या भाषेत त्यांना पहिला प्रश्न पडला, तिच्यात त्यांनी उत्तर आणून पोहोचविले. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा उत्तरकाळातील ग्रंथही त्यांनी मराठीतच लिहिला. येथून जवळच, मंडी हाऊसपाशी, ज्या साहित्य अकादमीचे कार्यालय आहे तिने पुढे त्याचे हिंदी आणि अन्य भारतीय भाषांत अनुवाद प्रसिद्ध केले. मराठीत लिहिल्याने तो ग्रंथ मराठीपुरता राहिला नाही.

मुलाचे जग लहान होईल का, या पालकांच्या प्रश्नाला ही हकिकत असे उत्तर देते : जग लहान होते ते भाषेने नव्हे, कुतूहल मेल्याने. ते कुतूहल एका बालमासिकानेही जागे होऊ शकते. म्हणून शाळेच्या वाचनालयात मुलांच्या हाती लागतील अशी पुस्तके आणि मासिके असणे, हे नव्या इमारतीइतकेच निकडीचे काम आहे. माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही करावेसे वाटत असेल, तर त्यांनी या वाचनालयाकडे पाहावे.

आणि जे स्वतः मराठी शाळेत शिकले परंतु ज्यांची मुले शिकली नाहीत, त्यांनी खंत करीत बसू नये. दिल्लीतील मुलाला हिंदीमुळे देवनागरी येतेच. मराठी वाचण्यासाठी त्याला नवी लिपी शिकावी लागत नाही. एक ‘ळ’ तेवढा नवा असतो. सुट्टीत रोज एक पान मोठ्याने वाचून घेतले, तर वर्षा-दोन वर्षांत ते मूल आजोबांचे पत्र वाचू लागेल. शाळा या कामी वर्ग चालवू शकते, पुस्तके देऊ शकते. परंतु ते पत्र कपाटातून काढून मुलाच्या हाती देण्याचे काम घरच्यांचेच आहे.

साठ वर्षांत या शाळेतून किती मुले बाहेर पडली आणि जगात कोठे कोठे पोहोचली, याची नोंद या स्मरणिकेत सापडेल. त्यांतील अनेकजण दूरच्या देशांत एकदा नव्हे, अनेकदा गेले असतील. त्यांनी तेथे काय पाहिले, काय दिले, काय सोसले आणि काय शिकले, हे त्यांनी मराठीत लिहून ठेवावे, अशी शाळेची अपेक्षा आहे. ते चार पानांचे असले तरी चालेल. आज ना उद्या ते वाचणारा कोणीतरी या वर्गांतून तयार होईल, एवढी हमी शाळेने घ्यावी.